दोन चतुर्थ्यांचं पाणी

खालच्या मजल्यावरून हसू आलं आणि पुतळाबाईंच्या हातातली माळ साठाव्या मण्यावर अडकली.

त्यातलं एक हसू थोरल्या जावेचं, गिरजाबाईंचं. ते ओळखायला कान लावावा लागत नसे. कोंडखारच्या बस थांब्यापर्यंत सहज पोचायचं. दुसरं वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीचं, संघमित्राचं. तेही पुतळाबाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. पण आजवर ते त्यांनी स्वतःच्याच स्वयंपाकघरात ऐकलेलं.

मन भरकटलं तर जप धरायचा नाही, पुन्हा पहिल्या मण्यापासून यायचं, हा त्यांचा नेम. त्या सकाळी त्यांनी तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिन्ही वेळा खालून हसू आलं.

घरतांची ती चार मजली इमारत. तळाला दुकानं, पहिल्यावर थोरले जोतीराम आणि गिरजाबाई, दुसऱ्यावर गोटीराम आणि पुतळाबाई, तिसऱ्यावर भाडेकरू. पुतळाबाईंचा मुलगा ऐरोलीला कंपनीत, तिथंच फ्लॅट घेऊन राहिलेला. मुलगी नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी, रोजच्या तुळशीच्या अकरा प्रदक्षिणा, पिंपळाला तांब्याभर पाणी, यांतच त्यांचा दिवस भरून जायचा. सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन. बोलणं एरवीही इतकं हळू, की भाजीवाला दोनदा विचारी, "काकी, मेथी म्हनलात की शेपू?"

संघमित्रा परभणीकडची. इथल्या कॉलेजात भूगोल शिकवते. दीड वर्षापूर्वी राहायला आली, ती नेमकी एकादशीच्या दिवशी. पुतळाबाईंनी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी वर नेऊन दिली. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "आमची आई पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून अष्टशील घेते. दुपारनंतर अन्न नाही. तुमच्याकडं बघून तिची आठवण आली, काकू." त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा तिचा दुसऱ्या मजल्यावर ठरलेला. ओट्याला टेकून ती दिवसभराचं सांगायची, पुतळाबाई ऐकायच्या. ऐकण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

मग दिवाळीनंतर त्या नदीचं निघालं.

तिवरी नदी म्हणजे काही गोदावरी नव्हे. उगमापासून मुखापर्यंत सारी मिळून नऊ किलोमीटर. डोंगराच्या कुशीत एका झऱ्यातून निघते, हायवेखालच्या मोरीतून वाकून पार होते, कळंबोलीच्या लोखंडाच्या वखारींमागून येताना थोडी तांबूस होते, उंच बिल्डिंगांच्या पाठी नाल्यासारखी तोंड लपवून वाहते, आणि कोंडखारला आली की एकदम अंग मोकळं सोडते. इथून पुढं तिवरांची दाट राई, जुनी मिठागरं, आणि शेवटी पनवेलची खाडी. वरचे चार किलोमीटर गोडं पाणी, खालचे पाच खारं. खालच्या भागात ती दिवसातून दोनदा उलटी वाहते. संघमित्राला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा ती बांधावर उभी राहून लहान मुलीसारखी ओरडली होती, "काकू, नदी माघारी चाललीय!" तिच्या गावची नदी आठ महिने नुसती वाळूच.

या नदीचा नकाशा करायचं तिनं मनावर घेतलं. सरकारी नकाशात तिवरी म्हणजे नाव नसलेली एक निळी रेघ. तिला वळणावळणाची नावं हवी होती. खारं कुठं संपतं, गोडं कुठं सुरू होतं ते हवं होतं. बांधावरच्या चालायच्या रस्त्यावर तो नकाशा मोठ्या फलकावर लावायचा आणि खाली लिहायचं, माहिती: अमुक.

आणि ती गिरजाबाईंकडं गेली.

का जाऊ नये? गिरजाबाईंनी चाळीस वर्षं त्या चिखलात चिंबोऱ्या धरल्या, निवट्या पकडल्या, कालवं फोडली. सासू सखूबाई पुढं, गिरजा तिच्या मागं. धाकटी पुतळा टोपली घेऊन सगळ्यांच्या मागं. पुढं पुतळाबाईंनी माळ घातली, मासळी सोडली, चिखलात जायचं कारणच उरलं नाही. सारा गाव म्हणे, नदी विचारायची तर गिरजाबायला.

पण सखूबाई शेवटची तीन वर्षं खाटेवर होती, आणि ती खाट पुतळाबाईंच्या खोलीत होती. रोज सकाळी म्हातारी डोळे मिटूनच विचारायची, "पुतळे, आज कनची तिथ गो?" उपासतापासामुळं पुतळाबाईंना तिथी तोंडपाठ. त्या सांगायच्या. मग दोघी मिळून पाणी मांडायच्या: तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता दुपारची भरती. त्यातून सहा तास मागं, तो ओहोटीचा तळ. वर आपल्या कोंडखारपर्यंत पाणी फिरायला आणखी एक तास. खाटेवर पडल्या पडल्या म्हातारी नदीत कुठं किती पाणी असेल ते सांगायची, आणि पुतळाबाई गॅलरीतून बघून यायच्या. तसंच असायचं. तीन वर्षांत एकदाही चुकलं नाही.

हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं आणि पुतळाबाईंनी सांगितलं नव्हतं.

नाही विचारलं तर नाही. हे त्या स्वतःला रोज सांगत होत्या. आपण रामनाम घेणारी माणसं, आपल्याला फलकावर नाव कशाला? पण संध्याकाळी दोन कप चहा टाकायचा आणि एक कप थंड होऊन ओतून द्यायचा, हे चौथ्यांदा झालं तेव्हा त्यांच्या छातीत काहीतरी खारट चढत गेलं. आणि परवा जिन्यात त्यांनी ऐकलं होतं. संघमित्रा गिरजाबाईंना "मावशी" म्हणत होती. आपण दीड वर्ष काकूच. आणि ही पंधरा दिवसांत मावशी.

शनिवारी संघमित्रा नकाशा दाखवायला वर आली. जाड कागदावर पेन्सिलीनं काढलेली तिवरी, तिच्या अंगावर नावं: ढोपर, भातवळण, नवरीची उडी, मुकी कोंड.

"काकू, बघा ना! मावशींनी सगळं सांगितलं. काय स्मरणशक्ती आहे हो!"

कागदाच्या कोपऱ्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'माहिती: गिरजाबाई जोतीराम घरत'.

पुतळाबाईंनी नाव वाचलं. मग नकाशा वाचला. एकही वळण चुकलेलं नव्हतं. एखादं तरी चुकलेलं असावं असं आपल्याला वाटत होतं, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

"आता एकच राहिलं. मंगळवारी मी आणि मावशी मुक्या कोंडीच्या बेटावर जाणार. खारं पाणी तिथंच संपतं म्हणतात. ओहोटीला नदीची चव बघत बघत जायचं आणि तिवरांना फिती बांधायच्या. तुम्ही येता?"

"मी कसली येते. माझं सोवळंओवळं." हे म्हणताना त्यांना वाटलं, तिनं एकदा तरी आग्रह करावा.

"हो, ते आहेच," संघमित्रा म्हणाली आणि कागद गुंडाळू लागली.

सोमवारी संध्याकाळी, दिवेलागणीला थोडा अवकाश असताना, जिन्यात तिघींची गाठ पडली. गिरजाबाई पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. संघमित्रा मोबाइल बघत म्हणाली, "मावशी, यात उद्याच्या ओहोटीची वेळ पावणेदहाच्या आसपास दाखवतंय."

"कुठली?"

"बंदराची."

"बंदराचा पानी बंदराला ठेव!" गिरजाबाई हसल्या. "आमच्या नदीला वर चढाया येल लागते. थांब, मांडतंय मी." लसणीच्या बोटांनी त्यांनी पेरं मोजली. "बुधवारी अवस झाली. बेस्तरवार एक, शुक्कर दोन, शनवार तीन, आयतवार चार, सोमवार पाच, उद्या मंगलवार सा. साची पाऊनपट साडेचार. सा तास मागं, साडेदा. एक तास वर. साडेअकराला तल. साडेदाला निगू, बारा वाजंपर्यंत आरामात बसू बेटावर."

पुतळाबाई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. उद्या षष्ठी नव्हती. उद्या पंचमी. या महिन्यात चतुर्थी दोन दिवस होती, रविवारी आणि सोमवारीही. विनायकीचा उपास कुठल्या दिवशी धरायचा म्हणून त्यांनी पंचांग दोनदा उघडून पाहिलं होतं. गिरजाबाई कुठला उपास करत नसत. त्यांचं सारं गणित बोटांवर. सखूबाई खाटेवरून म्हणायची ते पुतळाबाईंना लख्ख आठवलं, "तिथ दोनदा आली का पानी थांबतं, गो. बोटं थांबत नाय, तिथंच गिरजा चुकते."

पंचमीची पाऊणपट पावणेचार. पाणी साडेअकराला नव्हे, पावणेअकरालाच फिरणार. गिरजाबाई बेटावर आरामात बसणार तो सगळा वेळ चढत्या पाण्याचा.

"काकू, बरोबर आहे ना हो?" संघमित्रानं वर बघून विचारलं.

पुतळाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सोमवार होता. दिवे लागले नव्हते.

"अगो, ती मुकी हाय आज," गिरजाबाई म्हणाल्या. "आनि बोलत असती तरी तिला काय विचारतेस? तिनं चिखलात पाय घालून वीस वर्सं झाली. देवाघरचा टाइमटेबल विचार, पटापट सांगेल."

संघमित्रा हसली. वाईट मनानं नाही. गिरजाबाई बोलल्या की सगळेच हसायचे.

अर्ध्या तासानं दिवे लागले. पुतळाबाईंनी निरांजन ओवाळलं, मौन सुटलं. एक मजला खाली उतरून चार शब्द सांगायचे होते. त्या दारापर्यंत गेल्या. दाराच्या कडीला हात लावला. मग परत येऊन तांदूळ निवडत बसल्या. गिरजाबाय काय लहान आहे? चाळीस वर्षं नदीत गेलीत. पाणी दिसेल तिला. फार तर गुडघाभर चिखल लागेल, भिजलेलं लुगडं घेऊन गावातून यावं लागेल, मॅडमला कळेल की मावशींचं गणित चुकतं. इतकंच.

इतकंच त्यांना हवं होतं.

मंगळवारी दहा वाजता संघमित्रा दारात आली. पायांत प्लॅस्टिकचे बूट, हातात रंगीत फिती.

"काकू, निघतो आम्ही थोड्या वेळानं. साडेअकराचं बरोबर आहे ना? मोबाइलशी नीट जुळत नाही, म्हणून विचारते."

ती विचारत होती. अखेर ती त्यांनाच विचारत होती. सांगायला चार शब्द पुरले असते. आणि ते सांगितले असते तर ती खाली जाऊन म्हणाली असती, मावशी, काकू म्हणतात लवकर निघू. गिरजाबाई म्हणाल्या असत्या, तिचं काय ऐकतेस. आणि दोघी हसत हसत लवकर निघाल्या असत्या. नकाशावरचं नाव जिथल्या तिथं राहिलं असतं.

पुतळाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"अरे, आजही?" संघमित्रा ओशाळली. "सॉरी हां." आणि पायऱ्या उतरून गेली.

पुतळाबाई देवासमोर बसल्या. पोथी उघडली. एका ओळीवर डोळे ठेवून त्या किती वेळ बसल्या, कोणास ठाऊक. ओळ पुढं सरकेना. घड्याळ मात्र सरकत होतं. पावणेअकरा. म्हणजे आता फिरलं. सव्वाअकरा. गोटीराम पेपर वाचता वाचता म्हणाले, "आज काय बोलत नाय? सोमवार काल झाला ना?" त्यांनी पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. आता नवऱ्याशीही खोटं मौन धरावं लागलं. पोथी मिटून त्या उठल्या आणि चपला घालून बांधाकडं चालू लागल्या.

मुकी कोंड हे नाव सखूबाईच्याही आधीचं. बाकी सगळीकडं भरती तिवरांच्या मुळांतून बुडबुडत, आवाज करत येते. इथं येत नाही. इथं बेटाच्या दोन्ही अंगांनी नदी वाहते. पुढचा मोठा प्रवाह खाडीकडून भरतो, तो सगळ्यांना दिसतो. पण बेट आणि गाव यांच्यामधला मागचा ओहोळ आधी खालून भरतो. खेकड्यांच्या बिळांतून पाणी वर येतं, एकेका बिळात एकेक थेंब, चिखल आधी नुसता चकाकतो, आणि पुढं तोंड करून बसलेल्याला मागं वळून बघायचं सुचेपर्यंत ओहोळ कंबरभर होतो.

बांधावरून पुतळाबाईंना दोघी दिसल्या. बेटाच्या पलीकडच्या कडेला, खाडीकडं तोंड करून बसलेल्या. संघमित्रा ओंजळीत पाणी घेऊन चाखत होती, तोंड वेडंवाकडं करून काहीतरी सांगत होती. तिवरांना लाल-पिवळ्या फिती फडफडत होत्या. ऊन चढलं होतं. गिरजाबाईंनी आपल्या डोक्यावरचा रुमाल सोडला, संघमित्राच्या डोक्यावर टाकला आणि तिच्या हनुवटीखाली गाठ मारली. आई लेकीला बांधते तशी.

खाली मागच्या ओहोळातला चिखल चकाकायला लागला होता.

पुतळाबाईंनी तो बघितला. आणि गाठही बघितली. आणि खरं सांगायचं तर आधी त्यांना गाठच दिसली. थोडा वेळ, अगदी थोडा, एक माळ ओढून व्हावी इतका, त्या नुसत्या उभ्या राहिल्या. बिळांतून पाणी वर येत होतं. बारके लाल खेकडे भराभर उंच जागी चढत होते. ज्या पायवाटेनं दोघी गेल्या होत्या तिच्यातले पायांचे ठसे एकेक करून भरत होते. संघमित्राचे बूट, गिरजाबाईंची अनवाणी पावलं. पहिला ठसा पुसला. दुसरा पुसला.

त्यांनी तोंड उघडलं. आवाजच आला नाही. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी कोणाला मोठ्यानं हाक मारली नव्हती. घशाला ती वाटच उरली नव्हती. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा जे बाहेर आलं ते त्यांचं त्यांनाच ओळखू आलं नाही.

"गिरजेऽऽ! ए गिरजेऽऽ!"

थोरल्या जावेला नुसत्या नावानं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. बेटावर गिरजाबाईंची मान गरकन वळली, आधी रागानंच वळली असावी.

"मागं बग! पानी मागून आयला! आज पंचमी हाय, पंचमी!"

गिरजाबाईंनी मागं बघितलं. पुढचं त्यांना समजवावं लागलं नाही. त्या उठल्या, संघमित्राचं मनगट पकडलं, आणि आल्या वाटेकडं ढुंकूनही न बघता तिला बेटाच्या वरच्या टोकाकडं ओढत निघाल्या. तिथं चिखलाखाली कालवांनी भरलेलं एक खडप, खडकाची पट्टी, आहे, ओहोळाच्या आरपार गेलेलं. वरून दिसत नाही. पायांनाच ठाऊक असावं लागतं. पुतळाबाईंना ते सखूबाईच्या तोंडून ऐकून माहीत होतं. त्यावरून स्वतः चालायला सांगितलं असतं तर त्यांना जमलं नसतं. गिरजाबाई मांडीभर पाण्यात सरळ चालत होत्या, दर पावलाला ओरडत, "हितं! माझ्या पायावर पाय दे! बूट जेला तं जाऊ दे, बूट काय लग्नातला हाय?"

खडप या बाजूला चार हात आधीच संपतं. त्या चार हातांत पाणी आता छातीला लागत होतं आणि खाली नुसता गाळ. पुतळाबाई बांधाचे दगड धरत खाली उतरल्या. पदर कमरेला खोचला होता तो सोडला, पिळा दिला, त्याचं टोक तिवराच्या बुंध्याला बांधलं आणि तो पिळा एका हातात धरून गाळात शिरल्या. वीस वर्षांनी त्या चिखलाचा वास. मांडीपर्यंत रुतल्या. हात लांब केला. आधी संघमित्राचा हात आला, बर्फासारखा थंड. तिला बांधावर ढकललं. मग गिरजाबाईंचा हात आला, लसणीच्या वासाचा. तो हात धरताना दोघींचे डोळे भिडले.

बांधावर तिघी धापा टाकत बसल्या. संघमित्राचा एक बूट गेला होता. डोक्यावरचा रुमाल तसाच होता. ती थरथरत म्हणाली, "काकू, माझ्यामुळं तुमचं मौन मोडलं."

गिरजाबाई पायांतले कालवांचे काप बघत होत्या. रक्त येत होतं. त्यांनी मान वर केली.

"कसला मौन? आज मंगलवार हाय."

संघमित्राला ते कळलं नाही. ती अजून नदीकडंच बघत होती. बेट अर्धं उरलं होतं आणि फिती पाण्यावर लोळत होत्या.

दुपारी तीनच्या सुमारास गिरजाबाई वर आल्या. पायांना हळद लावून फडकी बांधलेली. खुर्ची दिली ती घेतली नाही, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"तुला म्हाईत होता."

"होता, बाय."

"कवापासून?"

"काल तुमी बोटं मोजलीत तवापासून."

गिरजाबाईंनी एकदा देव्हाऱ्याकडं पाहिलं, एकदा जावेकडं. "मना एक सांग. मी काय घेतला गो तुझा? मी नदीचा बोलले, तेवढाच मना येतो. तुला पोथी येते, वाचता येते, सासूनं मरताना तुझ्या हातानं पानी घेतलान. मी काय म्हनले कवा?"

पुतळाबाईंजवळ उत्तर होतं. ते इतकं लहान होतं, चहाच्या एका थंड कपाएवढं, की उचलून दाखवायची लाज वाटली.

"पोर मेली असती," गिरजाबाई म्हणाल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून हळू आवाज फार वाईट लागला. "माझा जाऊ दे. मी म्हातारी, मना राग आला तं आला, जेला तं जेला. पर तिला सांगाचा तुझा तू. मी नाय सांगनार. माझ्या तोंडून आयकली तं तिला मस्करी वाटंल."

त्या गेल्या. पायऱ्यांवर फडक्याची ओली पावलं उमटली.

पुतळाबाई तिसऱ्या मजल्यावर गेल्या तेव्हा संघमित्रा ओला नकाशा जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवत होती. त्यांना बघून तिचा चेहरा उजळला, आणि हे सगळ्यांत कठीण होतं.

"काकू, बरं झालं आलात. मावशी म्हणाल्या, वेळेचं खरं गणित तुम्हालाच येतं. मी ठरवलंय, खाली तुमचं नाव घालायचं. पहिलं तुमचं. तुम्ही नसतात तर..."

तिच्या हातात पेन होतं. कागदावर जागाही होती. तीन आठवडे ज्या एका ओळीसाठी जीव जळला, ती ओळ अशी समोर येऊन बसली होती. पुतळाबाईंना कळलं, आपण आता गप्प राहिलो तर ती लिहील. आणि गप्प राहणं तर आपल्याला येतंच.

"नको लिहूस," त्या म्हणाल्या. "सकाळी माझं मौन नव्हतं."

"म्हणजे?"

"माझं मौन सोमवारी. आज काही नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं, पाणी लवकर फिरणार. मी बोट ठेवलं ओठांवर." श्वास घ्यायला त्या थांबल्या. "तू तिच्याकडं जायला लागलीस. ते मला सोसवलं नाही. चहाला येईनाशी झालीस."

संघमित्रानं पेनाचं टोपण लावलं. बराच वेळ ते नीट बसलं की नाही तेच बघत राहिली.

"काकू," ती म्हणाली, "मला पोहता येत नाही."

एवढंच म्हणाली. मग पुन्हा पुस्तकं सारखी करू लागली. पुतळाबाई जिना उतरून आल्या.

त्यानंतर ती आली नाही. जिन्यात भेटली तर मान हलवायची, बाजूनं जायची. पुतळाबाईंनी एक कप चहा टाकायची सवय करून घेतली. गोटीरामांनी एकदा विचारलं, "पोरगी येत नाय ती?" त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं." त्यांनी पेपरातून डोकं काढून बायकोकडं पाहिलं, हे वाक्य त्या घरात नवीन होतं.

प्रायश्चित्त म्हणून काय करावं, हे त्यांना कोणत्याच पोथीत सापडेना. आणखी एक उपास धरणं सोपं होतं. उपाशी राहायला त्यांना कष्टच पडत नसत. आणखी मौन तर नकोच. शेवटी त्यांनी स्वतःच एक नेम काढला. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की गॅलरीच्या कठड्याशी उभं राहायचं आणि त्या दिवसाची तिथी आणि पाण्याची वेळ मोठ्यानं सांगायची. खालच्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पहिल्या दिवशी समोरच्या दुकानदारानं शटर अर्धं वर धरून वर बघितलं. दुसऱ्या दिवशी गिरजाबाईंची खिडकी धाडकन बंद झाली. पाचव्या दिवशी बंद झाली नाही.

पौर्णिमेला सकाळी त्या कठड्याशी आल्या, तर वरून आवाज आला.

"काकू, आज बोलता ना?"

वर बघितलं तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत संघमित्रा, अंगावर पांढरी साडी. आवाजात थट्टा होती, पण थट्टेच्या खाली काहीतरी टोचणारंही होतं. ते तिनं लपवलं नाही आणि पुतळाबाईंनी मागितलंही नाही.

"बोलते," त्या म्हणाल्या.

"आज आईसारखा उपोसथ धरलाय मी. दुपारनंतर चहासुद्धा नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "दुपारच्या आधी चालतो."

फाल्गुनात बांधावर फलक लागला. मोठा, निळा, वर काच. ढोपर, भातवळण, नवरीची उडी, मुकी कोंड. मुक्या कोंडीपाशी एक बारीक लाल ओळ: भरतीचं पाणी इथं आधी मागच्या ओहोळातून येतं. आणि खाली, 'माहिती: गिरजाबाई जोतीराम घरत'. एकच नाव. संघमित्रानं पुन्हा एकदा विचारलं होतं, आणि पुतळाबाईंनी पुन्हा नको म्हटलं होतं.

पिंपळाला पाणी घालून येताना त्या रोज त्या फलकापुढून जातात. रोज ती ओळ वाचतात, आणि रोज छातीत तेच खारट थोडंसं चढतं. त्यांना वाटलं होतं, एकदा खरं बोललो की संपेल. नाही संपलं. येतं आणि जातं. ते आलं की त्या लपवत नाहीत, देवालाही सांगतात, आणि पावलं जरा भराभर उचलतात, कारण सात वाजता कठड्याशी पोचायचं असतं.

"आज पंचमी!" फाल्गुनातल्या पंचमीलाही त्यांनी साऱ्या आळीला सांगितलं. "पाणी पावणेअकराला फिरणार!"

"आयकला गोऽ!" पहिल्या मजल्यावरून गिरजाबाई ओरडल्या. "सारा कोंडखार उठवलास! बहिरी नाय झालेली मी!"

वरच्या गॅलरीत कोणीतरी हसलं. पुतळाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि आत जाऊन चहाचं आधण टाकलं, दोन कपांचं. मग क्षणभर थांबून खालच्या मजल्याचा तिसराही ओतला.